लेसोथोमधील गुराखी मुले आणि अण्णांचे तीन प्रश्न

मुचकुंदी

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे दर वर्षी मुलांसाठी एक हस्तलिखित अंक निघतो. यंदाच्या अंकाचा विषय 'जगातील मुले कोणती कामे करतात' असा ठरला असून माझ्या वाट्याला आफ्रिकेच्या दक्षिण भागातील गुराखी मुले आली आहेत. लेसोथो या देशाविषयी वाचून मी चार पानांचा मसुदा तयार केला. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आणि सबंध भूभाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेला हा देश आहे. तेथे पाच-सहा वर्षांचा मुलगा वासरे आणि करडे घेऊन बाहेर पडतो, थोडा मोठा झाला की गाईबैल त्याच्या हवाली होतात आणि उन्हाळ्यात काही मुले गावापासून दूर, उंच डोंगरातील दगडी झोपड्यांत महिनोन् महिने राहतात, एवढे त्यात आले आहे.

हा मसुदा मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, वाचून दाखवला. अण्णा आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. सातव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत त्यांनी पूर्णगडच्या खाडीवरील आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, घरची चार आणि वाडीतील इतरांची मिळून वीस-बावीस गुरे राखली. आजोबा परळला गिरणीत होते आणि घरी आजी एकटी असे, त्यामुळे शाळा तिसरीत सुटली. गुरामागे वर्षाला ठरलेले भात मिळे आणि ते सुगीनंतर घरोघरी जाऊन मागून आणावे लागे. पुढे मुंबईला गेल्यावर अण्णा रात्रशाळेत शिकले.

त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे सगळे तू रस्त्यावर उभी राहून लिहिलेस. गुराख्याला जे विचारायचे ते यात कोठेच नाही." मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. त्या मुलाला राखणीचे काय मिळते? पाऊस आणि थंडी आली की तो बसतो कोठे? आणि जनावर हरवले तर संध्याकाळी त्याचे काय होते?

माझ्याकडे तिन्हींची धड उत्तरे नव्हती. त्यात माझा एक प्रश्न मिळवते. वाचावे तेथे 'मुलगे' असाच उल्लेख येतो. आमच्या वाडीत माझ्या दोन्ही आत्यांनी गुरे राखली आहेत. तेथे मुली का नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाशिष्ठीकाठ

अण्णांचे प्रश्न मला फार आवडले, आणि त्यांची उत्तरे देण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते. 2004 ते 2008 अशी चार वर्षे मी मसेरू या लेसोथोच्या राजधानीत एका कापड कारखान्यात हिशेबाचे काम करत होतो. आमच्या कचेरीतील एक वयस्क सहकारी लहानपणी गुराखी होते आणि त्यांच्यासोबत दोन वेळा मी डोंगरातील त्यांच्या गावी जाऊन राहिलो. गुराखी मुलाला तेथील सेसोथो भाषेत 'मोलिसाना' म्हणतात. देशाच्या नावाचा स्थानिक उच्चार 'लेसूथू' असा काहीसा आहे, पण मराठीत लेसोथो रूढ झाले आहे तेच ठेवावे.

पहिला प्रश्न मोबदल्याचा. यात दोन प्रकारची मुले आहेत आणि आपल्या मसुद्यात त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. घरची जनावरे राखणाऱ्या मुलाला वेगळे काही मिळत नाही. त्याचा मोबदला भविष्यात असतो, कारण लग्नाच्या वेळी वधूच्या घरी जी जनावरे द्यावी लागतात ती याच कळपातून जाणार असतात. दुसरा प्रकार मोलाने ठेवलेल्या मुलांचा. त्यांची बोली साधारणपणे वर्षाची असते, आणि वर्षअखेरीस एक गाय किंवा बारा मेंढ्या असा दर मी अनेक ठिकाणी ऐकला. शिवाय मालकाने वर्षभर मक्याचे पीठ, एक घोंगडी आणि रबरी गमबूट द्यायचे असतात. ज्यांचे वडील वारले आहेत किंवा ज्यांच्या घरी जनावरेच उरलेली नाहीत, अशी मुले या दुसऱ्या प्रकारात जातात. लेसोथोत प्रौढांपैकी सुमारे पाचांतील एकाला एचआयव्हीची लागण आहे हे लक्षात घेतले, म्हणजे अशी पोरकी मुले इतकी का आहेत ते कळते. या दोन्हींच्या मधली 'माफिसा' नावाची एक जुनी रीत आहे. तीत सधन माणूस आपल्या गाई गरीब घरी सांभाळायला देतो. दूध, शेण आणि नांगरणीसाठी बैल त्या घराला वापरायला मिळतात, मालकी मात्र देणाऱ्याचीच राहते. आपल्याकडे वाट्याने गाय देतात त्याच्या जवळची ही व्यवस्था आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी आधी ऋतू उलटे करून घ्यावे लागतील. त्यांचा पाऊस ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात पडतो आणि तो आपल्यासारखा संततधार नसतो. दुपारी ढग भरून येतात, गारा पडतात, वीज कोसळते आणि तासाभरात आकाश मोकळे होते. उघड्या माळावर वीज पडून गुराखी आणि जनावरे दगावतात, त्यामुळे तेथील मुले पावसापेक्षा विजेला भितात. जून ते ऑगस्ट हा हिवाळा, आणि तेव्हा उंचावर बर्फ पडते. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येते, पण गुडघाभर बर्फात उभा असलेला, खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत जाड लोकरी घोंगडी छातीशी पिनेने अडकवलेला, डोक्याला माकडटोपी आणि पायांत गमबूट घातलेला मुलगा हे लेसोथोतील नेहमीचे चित्र आहे. ती घोंगडी त्याचे पांघरूण, रेनकोट आणि अंथरूण असे सर्व काही असते. अण्णांनी इरले आणि घोंगडीची खोळ वापरली असेल. त्यांना फार समजावून सांगावे लागणार नाही.

डोंगरातील वस्तीच्या जागेला 'मोतेबो' म्हणतात. रचलेल्या दगडांची, गवताने शाकारलेली, वाकून आत शिरावे लागेल अशी एक गोल झोपडी आणि शेजारी दगडी कुसवाचा गोठा, एवढेच तेथे असते. मधोमध झुडपांचा किंवा शेणाचा विस्तव पेटलेला असतो आणि धुराला वेगळी वाट नसते. माझे सहकारी म्हणत, की मोतेबोवरून परतलेला मुलगा डोळ्यांवरून ओळखावा. खाणे म्हणजे 'पापा', मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि मिळाले तर दूध. सोबतीला कुत्री असतात. करमणुकीला 'लेसिबा' नावाचे एक वाद्य असते. काठीला ताणून बांधलेल्या तारेच्या टोकाला पक्ष्याच्या पिसाचा चपटा केलेला देठ जोडतात आणि त्यावर श्वास घेऊन-सोडून ते वाजवतात. दरीच्या पलीकडून तो घुमणारा आवाज मी एका सकाळी ऐकला, तेव्हा मला प्रथम एखादा मोठा पक्षी आहे असेच वाटले.

आता हरवलेल्या जनावराचा प्रश्न. याचे उत्तर विचारल्यावर माझे सहकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "संध्याकाळी काहीच होत नाही, कारण तो संध्याकाळी घरी येतच नाही." जनावर सापडेपर्यंत मुलगा बाहेरच राहतो. रिकाम्या हाताने परतल्यास मार तर बसतोच, पण मोलाचा मुलगा असेल तर हरवलेले जनावर त्याच्या वर्षाच्या बोलीतून वजा होते. यात चोरांची भर पडते. लेसोथोत जनावरांची चोरी हा गंभीर गुन्हा मानला जातो. चोर टोळीने येतात, पुष्कळदा बंदुका घेऊन येतात, आणि त्यांच्यासमोर काठी घेऊन उभा असतो तो बारा-चौदा वर्षांचा मुलगा.

आणखी एक भीती अण्णांना नक्की ओळखीची वाटेल. गावाचा प्रमुख काही कुरणे ठरावीक काळ बंद ठेवतो. अशा राखीव कुरणाला 'लेबोएला' म्हणतात. गवत वाढू द्यायचे आणि योग्य वेळी सर्वांसाठी खुले करायचे, असा त्यामागचा विचार आहे. त्यात जनावर शिरले तर ते अडकवून ठेवतात आणि दंड भरून सोडवावे लागते. म्हणजे आपला कोंडवाडाच.

तळकोकणी

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मुलांच्या अंकासाठी एवढेच गेले तर ते एकांगी होईल असे मला नम्रपणे वाटते. मी कुडाळ तालुक्यातील आहे आणि सुटीच्या दिवसांत मीही गुरे राखली आहेत. गुराख्याचे आयुष्य केवळ मार आणि थंडी यांचे नसते.

नेल्सन मंडेला पाच वर्षांचे असताना कुनू या गावी मेंढरे आणि वासरे राखू लागले. त्यांनी आत्मचरित्रात त्या दिवसांविषयी अतिशय आनंदाने लिहिले आहे. गाईच्या आचळातून थेट तोंडात दुधाची धार घेणे, रानातील मध काढणे, कंदमुळे खणणे, ओढ्यात पोहणे, मातीची जनावरे करणे, गुळगुळीत मोठ्या खडकावरून घसरत खाली येणे आणि मुख्य म्हणजे काठीयुद्ध. दक्षिण आफ्रिकेतील झुलू समाजाच्या मुलांमध्ये काठी चालवण्यात जो सर्वांना भारी ठरतो त्याला 'इंग्क्वेले' म्हणतात आणि कुरणावर त्याचा शब्द चालतो. कोणाची गुरे आधी पाण्यावर जाणार आणि चुकार जनावर वळवायला कोण धावणार, हे तोच ठरवतो.

ज्ञानाचा भाग तर वेगळाच. झुलू भाषेत गाईच्या रंगांना आणि ठिपक्यांना शेकडो नावे आहेत. पांढऱ्या अंगावर बारीक ठिपके असलेल्या गाईला चंडोलाच्या अंड्यांची उपमा दिलेली आहे. ज्याला शंभरापर्यंत मोजता येत नाही तो मुलगा एका नजरेत कळपातील कोणते जनावर नाही ते सांगतो, कारण तो मोजत नसतो, ओळखत असतो. आकाशाचेही तसेच. बोत्स्वानातील त्स्वाना लोक मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांना रानडुकरे म्हणतात, आणि ज्यांना आपण मृगाची तलवार किंवा शेपूट म्हणून पाहतो ते त्यांचे कुत्रे, डुकरांच्या मागे लागलेले. संध्याकाळी दिसणाऱ्या शुक्राला झुलू भाषेत 'उकडलेला मका मागणारा' अशा अर्थाचे नाव आहे, कारण तो दिसतो त्याच वेळी घरी परतलेल्यांना भूक लागलेली असते.

आमच्याकडे वाघबारशीला गुराखी पोरे एकत्र येऊन रानात खीर शिजवत आणि एकाला वाघ करून पळवत. गोपाळकाल्यातील काला म्हणजे तरी काय, गुराख्यांच्या शिदोऱ्याच ना? हे सर्व अंकात यावे.

निवृत्त_शिक्षिका_गुहागर

तळकोकणी यांच्या प्रतिसादातील प्रत्येक गोष्ट लेखात यावी असे मलाही वाटते. फक्त एक तपशील जोडते. मंडेला सात वर्षांचे असताना शाळेत गेले. त्यांच्या घरातील शाळेत जाणारे ते पहिलेच. वडिलांची विजार गुडघ्यावर कापून, कमरेला दोरीने आवळून ती घालून ते गेले आणि पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना 'नेल्सन' हे नाव दिले. म्हणजे त्या रम्य आठवणी लिहिणाऱ्या मुलाने गुरे राखली ती शाळेत जाण्याआधी आणि शाळेबरोबर. जो मुलगा अठराव्या वर्षापर्यंत मोतेबोवरच राहिला, त्याने आत्मचरित्र लिहिलेले नाही. त्याला खडकावरून घसरण्याची मजा आली नसेल असे नाही, पण ती लिहिण्यासाठी लागणारी अक्षरे ज्या वर्षांत मिळतात ती वर्षे त्याने कुरणावर काढली. आपण वाचतो त्या बहुतेक सर्व गुराखी-आठवणी सुटून आलेल्यांच्या आहेत. मुचकुंदी, आपले अण्णा रात्रशाळेत गेले म्हणूनच आज आपण ही चर्चा करत आहोत, हेही त्यातलेच.

आता आपल्या चौथ्या प्रश्नाविषयी. दक्षिण आफ्रिकेतील सोथो, झुलू, खोसा अशा समाजांत गाईबैल हा परंपरेने पुरुषांचा प्रांत आहे. गोठ्यात पूर्वजांचा वास असतो अशी श्रद्धा असल्यामुळे स्त्रियांच्या, विशेषतः सुनांच्या, तेथील वावरावर कडक बंधने होती, दूध काढणेही पुरुषांचे आणि मुलग्यांचे काम होते. शेती मात्र स्त्रिया कुदळीने करत. एकोणिसाव्या शतकात बैलांचा नांगर आला तेव्हा प्रथमच पुरुष मोठ्या प्रमाणावर शेतीत उतरले, कारण बैलांना हात लावायचा तर तो त्यांनीच. ज्या घरात मुलगा नाही तेथे मुलीही गुरे राखतात, पण तो नाइलाज समजला जातो. कोकणात नेमके उलटे आहे. धार काढणे, शेण काढणे, वैरण आणणे यांतील बहुतेक कामे बायकांचीच, त्यामुळे मुलीच्या हाती दावे देताना कोणालाही काही वाटले नाही.

याचा परिणाम शाळेच्या पटावर पाहा. आमच्या पिढीत घरी काम निघाले की आधी मुलीची शाळा सुटत असे. लेसोथोत मुलग्यांची सुटली. तो जगातील अशा मोजक्या देशांपैकी आहे, जेथे स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. मुलींचे भले व्हावे असा कोणाचा विशेष हेतू त्यामागे नव्हता. मुलगी कुरणावर चालत नव्हती, म्हणून ती वर्गात बसली.

लेसोथो सरकारने 2000 पासून पहिलीपासून सुरुवात करून दर वर्षी एकेक इयत्ता याप्रमाणे प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि 2010 च्या कायद्याने ते सक्तीचे केले. परंतु फी माफ झाली तरी गुरे कोण राखणार हा प्रश्न फीच्या पावतीवर नसतो. गुराखी मुलांसाठी तेथे रात्रीचे वर्ग चालतात, दिवसभर डोंगर तुडवून आलेली मुले कंदिलाच्या किंवा सौर दिव्याच्या उजेडात सेसोथो वाचायला आणि हिशेब करायला शिकतात. मी स्वतः तीस वर्षे शिकवले आहे. शेवटच्या तासाला पेंगणारे मूल किती शिकते हे मला ठाऊक आहे, म्हणून अशा वर्गांचे कौतुक करताना माझा हात जरा आखडता असतो.

आपल्याकडे हा मुद्दा किती जुना आहे तेही अंकात यावे. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात गरीब शेतकऱ्यांची मुले शाळेत टिकत नाहीत याचे एक कारण म्हणून गुरे राखण्यासाठी आणि शेतावर लक्ष ठेवण्यासाठी घरी त्यांची गरज असते, असे स्पष्ट नोंदवले होते. त्यानंतर 2009 मध्ये आपला शिक्षणहक्क कायदा झाला. मधल्या काळात किती मुलांनी सड्यावर दिवस काढले याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरात करावा.

एक गंमत सांगून थांबते. दक्षिण आफ्रिकेत शालान्त परीक्षेच्या दर्जावर देखरेख ठेवणारी आणि प्रमाणपत्रे देणारी जी राष्ट्रीय परिषद आहे, तिचे नाव 'उमालुसी' आहे. झुलू, खोसा इत्यादी न्गुनी भाषांत या शब्दाचा अर्थ गुराखी.

सह्यपायथा

चर्चा उत्तम चालली आहे. मुचकुंदी यांच्या मूळ लेखनातील एका वाक्याकडे मात्र कोणी वळले नाही. 'आजोबा परळला गिरणीत होते', हे ते वाक्य. माझ्या मते लेसोथो आणि रत्नागिरी यांना जोडणारा धागा गुरांचा नसून या वाक्याचा आहे.

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडला 1886 मध्ये सोने सापडले. त्याआधी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणी सुरू झालेल्याच होत्या. पुढे 1896-97 मध्ये रिंडरपेस्ट, म्हणजे आपण ज्याला बुळकांड्या म्हणतो तो रोग, दक्षिण आफ्रिकेत पोहोचला आणि बहुसंख्य गुरे मेली. ज्यांची दौलत, दूध, नांगर आणि लग्ने गुरांवर चालत, त्यांच्याकडे अचानक काहीच उरले नाही. जमिनी तर आधीच गेल्या होत्या. मग पुरुष खाणींत गेले आणि जातच राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकट्या लेसोथोचे एक लाखाहून अधिक पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते. खाणीची मजुरी घरी आली की तिची जनावरे घेतली जात, कारण बँकेपेक्षा विश्वास गाईवर. आता गाई घरी आणि बाप जमिनीखाली, तर राखणार कोण? मुलगाच. खाणमालकाने मजुराला एकट्याच्या पोटापुरते दिले आणि बाकी कुटुंब गावाकडच्या शेतावर व गुरांवर जगेल असे गृहीत धरले. त्या गृहीतात या मुलाचे काम धरलेले होते, फक्त त्याची मजुरी कोणत्याही वहीत लिहिलेली नव्हती.

मुंबईची पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकात निघाली आणि पुढची शंभर वर्षे रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना माणसे पुरवली. गिरणीचा पगारही चाळीतल्या एका माणसाचा होता. गावची भातशेती, म्हातारी माणसे आणि गुरे यांचा भार आजीवर आणि सात वर्षांच्या अण्णांवर पडला. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येई, तसा तिकडचा खाणकामगार नाताळात येई, हातात घोंगडी, पत्र्याची पेटी आणि मुलासाठी बूट घेऊन.

शेवटही सारखाच झाला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यातून गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. 1990 च्या दशकात खाणींनी बासोथो, म्हणजे लेसोथोच्या, कामगारांची कपात केली. पण येथे एक फरक पडला. कोकणात माणसे परतली तोवर गुरे कमी होत चालली होती आणि आज सड्यावर राखणीला मुलेच काय, गुरेही फारशी दिसत नाहीत. लेसोथोत मात्र मेरिनो मेंढ्यांची लोकर आणि अंगोरा बोकडांचे मोहेर नावाचे मऊ केस ही परदेशी जाणारी महत्त्वाची उत्पादने आहेत, मोहेरच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिकेच्या खालोखाल त्याच देशाचा क्रम लागतो. म्हणून तेथील मुलाला अजून सुट्टी नाही. युरोपातील एखाद्या मऊ शालीचे एक टोक त्याच्या फुटलेल्या टाचांपर्यंत जाते.

वाशिष्ठीकाठ

सह्यपायथा यांच्या प्रतिसादाला माझी पूर्ण सहमती आहे. माझ्या सहकाऱ्याचे वडीलही दक्षिण आफ्रिकेतील वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत होते, हे मी आधी लिहायला हवे होते.

मुचकुंदी यांना एवढेच सुचवतो, की 'दक्षिण आफ्रिकेतील मुले' असा सरसकट उल्लेख टाळावा. बोत्स्वानात कुटुंबाची तीन ठिकाणे असत, गावातले घर, शेतावरची वस्ती आणि लांब कोरड्या प्रदेशातील गुरांचे ठाणे. त्या ठाण्याला 'मोराका' म्हणतात. आज तेथील बहुतेक मुले शाळेत असतात आणि सुटीत मोराकावर जातात, एरवी मोलाची प्रौढ माणसे गुरे पाहतात. खुद्द दक्षिण आफ्रिकेत 1996 च्या कायद्याने सात ते पंधरा वर्षे वयोगटाला शाळा सक्तीची झाली, त्यामुळे राखण बहुतांशी शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी होते. महिनोन् महिने डोंगरात राहणारा मुलगा हे मुख्यतः लेसोथोच्या उंच भागातील वास्तव आहे.

मुचकुंदी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी सर्व प्रतिसाद अण्णांना क्रमाने वाचून दाखवले. विजेच्या भागाला त्यांनी मान हलवली. कातळावर विजेच्या वेळी ते गुरांपासून लांब, सखल जागी उकिडवे बसत, झाडाखाली कधीही नाही, हे त्यांना त्यांच्याहून मोठ्या मुलाने शिकवले होते. रानडुकरे आणि कुत्रे यांची गोष्ट त्यांना इतकी आवडली की ते अंगणात जाऊन मृग दिसतो का ते पाहून आले. आभाळ भरलेले होते. आत्यांचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "ताई माझ्याहून चांगली राखायची. तिची गुरे कधी कोंडवाड्यात गेली नाहीत. तिला दुसरीतूनच काढले होते." हे मला आजवर माहीत नव्हते. मी समजत होते की आत्या शाळेत गेल्याच नाहीत.

गिरणीच्या भागावर ते काही बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी आणखी एक प्रश्न दिला आहे. "वर्षाला बारा मेंढ्या मिळतात म्हणता. त्या मुलाला घर नाही, गोठा नाही. मग त्या बारा मेंढ्या ठेवायच्या कोणाच्या कळपात?"

वाशिष्ठीकाठ

अण्णांना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न चार वर्षांत मला सुचला नाही. मी आजच त्या सहकाऱ्यांना फोन करून विचारले आणि ते मोठ्याने हसले. त्या मेंढ्या पुष्कळदा मालकाच्याच कळपात राहतात. ओळख पटावी म्हणून कानाला वेगळी खाच पाडतात. कायद्याने जनावरावर खूण आणि मालकाकडे मालकीचा कागद लागतो. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याचा कागद मालकाच्या पेटीत असतो. कोल्ह्याने एखादी मेंढी नेली किंवा एखादी थंडीने मेली, की ती कोणाची होती यावरून वाद होतो. त्यांचे स्वतःचे दोन वर्षांचे मिळून चोवीस मेंढ्यांचे येणे होते आणि ते सतरा मेंढ्या घेऊन घरी गेले.

मुचकुंदी

अण्णांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, की वाडीतील एका घराने दोन वर्षांच्या भाताच्या बदल्यात त्यांना एक शेळी देऊ केली होती. ती त्या घरच्याच शेळ्यांत चरत असे आणि अण्णाच सर्वांना राखत. आषाढात बिबट्याने एक शेळी नेली, तेव्हा घरधन्याने ती अण्णांची होती असे सांगून विषय संपवला. अण्णांची शेळी बांडी होती आणि बिबट्याने नेली ती तांबडी, हे त्यांनी काल मला तीन वेळा सांगितले. लेखात कानाच्या खाचेचा परिच्छेद मी वाढवला आहे. मसुदा पूर्ण झाला की येथे टाकते.